मुखियाचं नाव

सलोमीमावशीचं नाव कमी करायला
मंगळवारी झोनच्या ऑफिसात गेलो.
खिडकीतला मुलगा म्हणाला, कम करना है या कटवाना है?
मी विचारलं, फरक क्या है?
कुछ नहीं, म्हणाला. फॉर्म एकही है.

राहुरीकडच्या एका वस्तीवरून निघाली ती,
बहात्तरच्या दुष्काळात, एकोणीस वर्षांची,
खडी फोडून तळहात सोललेले
आणि त्याच हातांत पाळकांची चिठ्ठी :
मुलगी प्रामाणिक आहे, रक्ताला भीत नाही.
खांडव्याला छोटी गाडी धरली.
कालाकुंडला पानांवर कलाकंद विकायला आला,
घेतला नाही.
पुढं पन्नास वर्षं त्या न खाल्लेल्या कलाकंदाची
चव सांगायची आम्हाला,
दर वेळी थोडी वेगळी.

मिशनच्या दवाखान्यात आया. मग बाळंतिणींची खोली, रात्रपाळी.
नंदानगरात एक खोली, मोरी आतच.
आणि मग आम्ही.
आधी तिचा भाऊ दाऊद, मिलमध्ये लागला,
मिल बंद पडल्यावरही राहिला.
मग त्याची बायको.
मग मी, नऊ वर्षांचा, आई गेली त्या उन्हाळ्यात.
मग कुठल्याशा वस्तीवरचा एक शांतवन,
जो आमचा कोणीच नव्हता
आणि आयटीआय होईपर्यंत टेबलाखाली झोपला.
दर वेळी ती रेशनकार्ड घेऊन रांगेत.
बाबू विचारायचा, ये भी आपका?
हौ, मेराच है.
तेरा नावं झाली. चौदाव्याला जागा नव्हती
तर समासात, उभं, लिहून घेतलं.
पोटचं त्यात एकही नाही.

रविवारी पाळक म्हणाले, प्रेमळ होत्या.
मागच्या बाकावर दाऊदमामा खोकला.
साखर ती चमच्यानं नाही, डोळ्यांनी मोजायची.
मी नववीत नापास झालो तेव्हा उपास तिनं धरला,
दोन दिवस माझ्या ताटासमोर बसून राहिली, एक शब्द नाही.
त्यापेक्षा मार परवडला असता.
सख्ख्या बहिणीशी सात वर्षं बोलली नाही,
कशावरून, ते दोघींनाही धड सांगता यायचं नाही.
त्या बहिणीच्या पोरीची फी मात्र
दर महिन्याला पहिल्या तारखेला.

भाषेचं तर विचारूच नका.
गावाकडं फोन लावून सांगायची, मी येऊन राहिले,
आणि तिकडच्या बाया हसायच्या :
नक्की काय गं, येतीस का राहतीस?
इथं भाजीवाल्याला, भैया, कोथिंबीर जरा ज्यादा घाल ना.
फक्त रात्री, दिवा मालवल्यावर,
खाटेच्या कडेला बसून, आईच्या बोलीत :
देवा, हे पोरगं अंधाराला भितंय. तेवढं बघ.
तो पोरगा मी होतो, आणि जागा होतो.
देवाला हिंदी कळत नाही असं नव्हे, म्हणायची,
पण गाऱ्हाणं घरच्या बोलीतच सांगावं.

मला गावाला नेऊ नका, भाडं वाया, असं सांगून ठेवलं होतं.
नेलं नाही. तशीही ती छोटी गाडी आता
घाटापुरती उरली आहे, सहलीला येणाऱ्यांसाठी.
शांतवन पिथमपूरहून थेट आला, कारखान्याच्या कपड्यांत,
आणि माती लोटताना
फावडं कोणाला देईना.

खिडकीतल्या मुलानं फॉर्म परत सरकवला.
मुखिया का नाम खाली है.
खाली नहीं छोड़ सकते?
सिस्टम नहीं लेगा. घर में सबसे बड़ी औरत कौन है?
मामीला फोन लावला.
मी? म्हणाली. नको रे बाबा.
पलीकडं कुकरची एक शिट्टी झाली, मग दुसरी.
मला साखरसुद्धा मोजता येत नाही.

पेन हातात तसंच.
रांगेतली मागची बाई म्हणाली, भैया, आपका हो गया क्या?
मी वळलो, आणि मराठीतच बोलून गेलो :
होऊन राहिलंय.